वाफेचें वाद्य : हांक कीं गाणें ?

गेल्या गणेशोत्सवानंतर महागांवांतील आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव आमच्याकडे आले. त्यांनीं यंत्रशास्त्राची पदविका घेतली असून ते हाताचे मोठे कसबी आहेत. बगलेंतील कागदाची गुंडाळी उलगडून त्यांनीं आम्हांस एका विलक्षण यंत्राचा आराखडा दाखविला. एक लहानसा बॉयलर, त्यांतून निघालेली जाड नळी, नळीवर ओळीनें उभ्या केलेल्या पितळी शिट्ट्या आणि पुढें पेटीला असतात तशा पट्ट्या. या यंत्रास अमेरिकेंत ‘कॅलायोपी’ म्हणतात. असें एक यंत्र बांधून पुढील वर्षीं मिरवणुकीपुढें वाजवावें, म्हणजे विजेच्या कर्ण्यांच्या भिंतींपासून गांवाची सुटका होईल, असा त्यांचा हेतु होता. यंत्र कसें बांधावें हें त्यांस आमच्याकडून शिकावयाचें नव्हतें. तें त्यांस आमच्याहून पुष्कळ अधिक कळतें. त्यांचा प्रश्न निराळाच होता. “काका, याला वाद्य म्हणावें कीं म्हणूं नये, एवढें सांगा,” असें ते म्हणाले. त्या वेळीं आम्हीं जें उत्तर दिलें, तें आमचें आम्हांलाच अपुरें वाटलें. म्हणून या यंत्राचें गुणदोषविवेचन जरा सावकाशपणें करून पाहावें, या उद्देशानें आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम त्याची कुळकथा. कॅलायोपी ही ग्रीक पुराणांतील नऊ कलादेवतांपैकीं महाकाव्याची देवता. तिच्या नांवाचा अर्थ ‘सुकंठी’ असा आहे. हें नांव ज्या यंत्रास मिळालें, त्याचें पेटंट मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वूस्टर येथील जोशुआ स्टॉडर्ड या गृहस्थानें 9 ऑक्टोबर 1855 रोजीं घेतलें. वाफेच्या एंजिनावर इशाऱ्यासाठीं शिट्टी बसविण्याची चाल तोंपर्यंत रूढ झाली होती. एका शिट्टीच्या जागीं निरनिराळ्या लांबीच्या पुष्कळ शिट्ट्या स्वरांच्या क्रमानें लावल्या, तर इशाऱ्याऐवजीं गाण्याची चाल वाजेल, एवढीच स्टॉडर्डची कल्पना. आरंभीं खुंट्या बसविलेला रूळ फिरवून शिट्ट्यांच्या झडपा उघडीत. पुढें रुळाच्या जागीं पट्ट्या आल्या. 1859 सालीं लंडनच्या स्फटिकप्रासादांत आर्थर डेनी यानें या यंत्राची सुधारलेली आवृत्ति लोकांपुढें मांडली. परंतु या वाद्याचें खरें बिऱ्हाड बसलें तें अमेरिकेंतील मोठ्या नद्यांवरच्या आगबोटींवर आणि फिरत्या सर्कशींत. बोट धक्क्याला लागण्यापूर्वींच तिचें गाणें कांठच्या गांवांत जाऊन पोंचे. आजही न्यू ऑर्लिन्स येथें ‘नॅचेझ’ नांवाच्या आगबोटीच्या छपरावर असें बत्तीस शिट्ट्यांचें वाद्य वाजत असतें.

कोणत्याही वाद्याची पारख करावयाची, तर त्याचा नाद कसा उत्पन्न होतो हें आधीं पाहिलें पाहिजे. सतारीचे गुणदोष तारेंत आणि भोपळ्यांत असतात. सनईचे तिच्या पत्तींत असतात. येथें सारा खेळ वाफेचा आहे. शिट्टीच्या तळाशीं पितळेची एक उथळ वाटी असते. वाटीच्या कांठांत एक तबकडी अशी बसविलेली असते, कीं दोहोंमध्यें चोहोंबाजूंनीं अगदीं बारीक फट राहावी. झडप उघडतांच त्या फटींतून वाफेचा वर्तुळाकार पातळ पडदा वर उसळतो आणि वर टांगलेल्या पालथ्या नळकांड्याच्या धारदार ओठावर आपटतो. त्या आघातानें नळकांड्यांतील वायुस्तंभ कांपूं लागतो आणि स्वर निघतो. म्हणजे जातीनें ही शिट्टी आपल्या बांसरीच्या जवळची आहे. बांसरीच्या मुखरंध्राच्या कडेवर जें काम वादकाची फुंकर करते, तेंच येथें बॉयलरची वाफ करते. फरक एवढाच, कीं फुंकर वादकाची स्वतःची असते आणि वाफ कोणाचीच नसते. पुढें जे गुणदोष दिसतील, त्यांतील बहुतेकांचें मूळ या एका फरकांत आहे.

आतां स्वराकडे वळूं. एका टोकास बंद असलेल्या नळींत नळीच्या लांबीच्या चौपट लांबीची लहर उठते, हा सर्वपरिचित नियम आहे. साध्या हवेंत नादाचा वेग सेकंदास सुमारें 343 मीटर असतो. शंभर अंश उष्णतेच्या वाफेंत तो सुमारें 470 मीटर होतो. त्यामुळें पांढरी एकचा षड्ज हवेवर काढावयाचा, तर ढोबळ मानानें 33 सेंटिमीटरांची नळी पुरते. तोच षड्ज वाफेवर काढावयाचा, तर 45 सेंटिमीटरांची लागते. कारखान्यांत दाबलेल्या हवेवर ज्या शिट्टीचा षड्ज जुळविला, तीच शिट्टी वाफेवर लावतांच शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या मधोमध कोठें तरी चढून बसते. इतकेंच नव्हे, तर थंड शिट्टींत प्रथम शिरणारी वाफ पितळेला लागून तिचें पाणी होतें. शिट्टी गुळण्या केल्यासारखी गुरगुरते आणि तापेपर्यंत तिचा स्वर हळूहळू वर सरकत राहतो. बॉयलरांतील दाब उतरला कीं स्वर पुन्हां ढळतो. एकाच वेळीं चारपांच शिट्ट्या उघडून दीर्घ स्वर धरला, तर वाफेचा खर्च इतका होतो, कीं स्वर धरतां धरतां बेसूर होऊं लागतो. आपल्याकडील गवई तंबोरा लावावयास वेळ घेतो म्हणून कुरकुरणाऱ्या श्रोत्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. तंबोरा एकदां लागला म्हणजे निदान कांहीं वेळ तरी लागलेला राहतो. वाफेचें वाद्य वाजविणारा मात्र आगवाल्याच्या फावड्यावर अवलंबून असतो. त्याच्या मैफलीचा खरा साथीदार तोच.

या अडचणी यंत्राच्या झाल्या, आणि त्यांवर उपाय आहेत. शिट्ट्या आधीं तापवून घ्याव्या, दाब कायम राखावा, दीर्घ स्वरांच्या चाली टाळून चपळ चाली निवडाव्या, असे ते उपाय. आणि या वाद्याचे वादक ते करीतही आले आहेत. गूढ दोष पट्टीचा आहे. पेटीच्या पट्टीवर बोट हलकें ठेवलें काय किंवा जोरानें दाबलें काय, नादांत फारसा फरक पडत नाहीं. परंतु पेटीवाल्याच्या डाव्या हातांत भाता असतो, आणि त्या भात्यानें तो नाद फुलवूं किंवा विझवूं शकतो. वाफेच्या वाद्यांत भाता नाहीं. झडप वाफेच्या दाबाविरुद्ध उघडावयाची असल्यानें पट्टी जड असते. ती तापते, म्हणून वादक हातमोजे घालतो. नाद असह्य असतो, म्हणून तो स्वतःच्या कानांत कापूस घालतो. कानांत कापूस घालून वाजविलें जाणारें वाद्य ही गोष्टच विचार करावयास लावणारी आहे. ज्याला आपल्या वाद्याचा नाद जवळून ऐकवत नाहीं, त्यानें तो कोणत्या अंदाजानें सुधारावा? झडप एक तर उघडी असते, नाहीं तर मिटलेली. मधली जागा नाहीं. आपल्या संगीताचा तर जीवच त्या मधल्या जागेंत आहे. मींड, आंदोलन, गमक, स्वर लागण्यापूर्वींचा त्याचा कण, आणि स्वर सोडतांना मागें राहणारी त्याची सांवली, यांपैकीं या वाद्यावर कांहींही वाजत नाहीं.

येथें आम्हांस एक मौजेची गोष्ट आढळते. ज्या शिट्टीपासून हें वाद्य निघालें, त्या साध्या एंजिनाच्या शिट्टीवर ही मधली जागा होती! तिची दोरी ड्रायव्हरच्या हातांत असे. दोरी किती ओढावी आणि कशी सोडावी, यावर वाफ कमीजास्त होई आणि स्वर खालून वर चढे, थरथरे, लांबत लांबत विरून जाई. अमेरिकेंतील कित्येक ड्रायव्हर आपली शिट्टी स्वतः बनवून घेत आणि ती वाजविण्याची आपापली ढब राखून असत. 30 एप्रिल 1900 रोजीं अपघातांत मरण पावलेल्या केसी जोन्स या ड्रायव्हरची सहा सुरांची शिट्टी रेल्वेमार्गाकांठच्या लोकांस ओळखूं येई. बत्तीस पट्ट्यांपुढें बसलेल्या वादकापेक्षां एका दोरीला हात घातलेला हा ड्रायव्हर अधिक गवई होता, असें म्हणण्यास आम्हांस दिक्कत वाटत नाहीं. कारण त्याच्या हातांत स्वर कमी होते, तरी स्वराचें आयुष्य त्याच्या हातांत होतें. स्टॉडर्डनें स्वरांची संख्या वाढविली आणि त्या मोबदल्यांत हाताचा स्पर्श देऊन टाकला. त्या सौद्यांत संगीताचा फायदा झाला असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या वऱ्हाडाला वाफेचा आवाज अपरिचित होता असें मात्र नाहीं. कापसाबरोबर रेल्वे आली, रेल्वेबरोबर सरकी काढण्याचे जिन आणि गठ्ठे बांधण्याचे प्रेस आले, आणि जिनाबरोबर भोंगा आला. नागपुरास 1877 च्या पहिल्या दिवशीं एंप्रेस मिल सुरू झाली. पुढें हंगामांत गांवोगांवच्या जिनांचे भोंगे दिवसाचे प्रहर वांटूं लागले. यवतमाळास मूर्तिजापुराहून येणाऱ्या अरुंद मार्गाच्या शकुंतला गाडीस मँचेस्टर येथें 1921 सालीं बांधलेलें वाफेचें एंजिन होतें. तें 1994 च्या एप्रिलांत निवृत्त झालें आणि त्याच्या जागीं डिझेल आलें. महागांवापर्यंत ती गाडी कधींच आली नाहीं. वाफेची शिट्टी ऐकावयाची तर यवतमाळ गांठावें लागे, आणि म्हणूनच कदाचित् आमच्याकडील वृद्धांच्या बोलण्यांत त्या शिट्टीस प्रवासाची, निरोपाची गोडी चिकटलेली असते. भोंग्यास तशी गोडी नाहीं. भोंगा हा कामकऱ्यास उठविणारा, आंत घेणारा आणि उशीर झाल्यास बाहेर ठेवणारा. मुंबईच्या गिरणगांवांत तर सारीं घरें त्याच्यावर चालत. 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक गिरण्यांस पूर्वीचे दिवस कधींच आले नाहींत. भोंगे एकामागून एक मुके झाले, आणि तेव्हां त्या मुकेपणाची हळहळ त्याच कामकऱ्यांस वाटली. नावडता आवाजसुद्धां भाकरीशीं जोडलेला असला म्हणजे प्रिय होतो.

हा भोंगा कामकऱ्यांनीं स्वतः वाजविला तर काय होईल, हा प्रयोगही जगांत झालेला आहे. रशियन क्रांतीच्या पांचव्या वाढदिवशीं, 7 नोव्हेंबर 1922 रोजीं, बाकू शहरांत आर्सेनी अव्राआमोव्ह या संगीतकारानें सबंध शहराचेंच वाद्य केलें. कारखान्यांचे भोंगे, कास्पियन समुद्रांतील आरमारी जहाजांचीं शिंगें, एंजिनांच्या शिट्ट्या, तोफा, आणि या सर्वांच्या मध्यभागीं स्वरांत लावलेल्या वाफेच्या शिट्ट्यांचें एक खास यंत्र, असा तो थाट होता. संगीतकार उंचावरून निशाणें हालवून सर्वांस इशारे देत होता. संगीत या दृष्टीनें तें कितपत यशस्वी झालें असेल याविषयीं आम्ही साशंक आहों. नाद सेकंदास जेमतेम तिसरा हिस्सा किलोमीटर जातो; एक किलोमीटरावर वाजलेली तोफ तीन सेकंद उशिरां पोंचते, आणि सारें शहरच जेथें वाद्य, तेथें प्रत्येक श्रोत्यास निराळाच ताल ऐकूं येणार. परंतु त्या दिवसाचा अर्थ तालांत नव्हता. जो आवाज रोज हुकूम करी, तो एक दिवस गायला, हा त्याचा अर्थ. आणि तो ऐकणाऱ्यांस कळला असलाच पाहिजे.

येथवर आल्यावर आमच्या मतें मूळ प्रश्नाची फोड करतां येते. मनुष्य मोठा नाद दोन हेतूंनीं करतो. एक हांक मारण्यासाठीं, दुसरा गाण्यासाठीं. हांकेचें यश ती किती दूर गेली यावर. गाण्याचें यश तें किती खोल गेलें यावर. हांकेला श्रोता निवडतां येत नाहीं, आणि श्रोत्यालाही हांक नाकारतां येत नाहीं. ती कानावर येऊन पडतेच. गाण्याला मात्र श्रोत्यानें चालत यावें लागतें, बसावें लागतें, आणि नको वाटलें तर उठून जाण्याची मोकळीक त्याला असावी लागते. वाफेचें वाद्य ही एक उत्कृष्ट हांक आहे. अमेरिकन सर्कशीच्या मिरवणुकींत हें वाद्य सर्वांच्या शेवटीं ठेवीत. हत्ती, घोडे, पिंजरे पुढें निघून जात आणि रस्त्यांत जमलेला समाज या गाडीच्या मागें मागें थेट तंबूपर्यंत जाई. काम चोख होत असे. परंतु तंबूंत शिरल्यावर तें वाद्य बाहेरच राही, हेंही ध्यानांत घ्यावें.

सर्कशीचा विषय निघाला असतां आपल्या इकडील एका गोष्टीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. चिआरिनी नांवाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस 1879 च्या सुमारास मुंबईस आली. ती पाहून कै. विष्णुपंत छत्रे यांनीं 1880 सालीं आपली ‘ग्रँड इंडियन सर्कस’ उभी केली, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. विष्णुपंत अश्वविद्येंत निष्णात, तसेच गायनांतही तयार. ग्वाल्हेरीस हद्दूखांसाहेबांकडे त्यांनीं तालीम घेतली होती. पुढें हद्दूखांचे चिरंजीव रहिमतखां यांस त्यांनीं आपल्या आश्रयास ठेविलें, सर्कशीबरोबर हिंडविलें आणि त्यांचें गाणें गांवोगांवच्या रसिकांस ऐकविलें. लोक ज्यांस ‘भूगंधर्व’ म्हणत, ते हे रहिमतखां. वृत्तीनें विक्षिप्त, परंतु आवाज असा, कीं पुढच्या पिढींतील थोर थोर गवयांनीं तो आपल्या गळ्यांत घेण्याचा प्रयत्न केला. 1922 सालीं कुरुंदवाड येथें ते वारले. अटलांटिकच्या पलीकडे सर्कशीनें जगांतील सर्वांत कर्कश वाद्य पोसलें, आणि आपल्याकडे सर्कशीनेंच एक अत्यंत सुरेल गळा पोसला! यावरून पौर्वात्य थोर आणि पाश्चात्य हीन असला सवंग सिद्धान्त आम्हांस काढावयाचा नाहीं. सर्कशीच्या दाराशीं गर्दी जमविण्यासाठीं बँडचा गलबला आपल्याकडेही लागेच. आम्हांस दिसतें तें एवढेंच, कीं हांक आणि गाणें यांतील भेद विष्णुपंतांसारख्या धंदेवाईक माणसासही पक्का ठाऊक होता. दाराबाहेर हांक मारावी. आणि गाणें ऐकवावयाचें तें जाणत्यांची बैठक जमवून, दिवे मंद करून, जवळ बसवून ऐकवावें.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. यंत्राच्या स्वरांविरुद्ध असेंच पेटीविषयींही एके काळीं बोलले जात असे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचा प्रश्न हिरीरीनें मांडला. सांगली-साताऱ्याकडे श्रुतींच्या पेट्या बनविण्याचे प्रयोग झाले. 1940 पासून सुमारें तीन दशकें आकाशवाणीनें पेटीस आपलें दार बंद ठेविलें. तरी पेटी राहिली. नाटकांत राहिली, कीर्तनांत राहिली, ख्यालाच्या साथीस बसली, आणि चांगल्या वादकाच्या हातांत तिनें आपल्या टीकाकारांसही मान डोलवावयास लाविलें. मग वाफेच्या वाद्यानेंच काय घोडें मारलें आहे? याचें उत्तर असें, कीं पेटी टिकली ती आपल्या स्वरांच्या बळावर नव्हे, नम्रतेच्या बळावर. ती गळ्याच्या मागें चालते. गवई थांबला कीं थांबते. भात्याच्या एका दाबानें स्वतःस जवळजवळ नाहींशी करते. साथ करणें हा तिचा धर्म तिनें ओळखला. वाफेच्या वाद्यास मागें चालतां येत नाहीं. त्याच्या शेजारीं दुसरें कोणतेंही वाद्य, दुसरा कोणताही गळा ऐकूं येत नाहीं. ज्याला कोणाचीच साथ करतां येत नाहीं, त्याला मैफलींत जागा नाहीं, मग त्याचे स्वर कितीही शुद्ध जुळविलेले असोत.

परंतु मैफलींत जागा नाहीं, म्हणजे गांवांत जागा नाहीं असें मात्र नव्हे. आपल्या पूर्वजांनीं मोठ्या नादाला जागा आणि वेळ दोन्ही नेमून दिलीं होतीं. नगारखाना दरवाजावर असे, देवघरांत नसे. चौघडा ठरल्या वेळीं वाजे आणि थांबे. घरांत बसलेल्या माणसास तो भिंतीं-अंगणांतून गाळून येई. मोठ्या आवाजास घातलेली ही वेस अलीकडे मोडली आहे. मिरवणुकींतील विजेच्या कर्ण्यांच्या भिंती गाडीवर रचून घरापुढें तासन्‌तास उभ्या राहतात. खिडक्यांचीं तावदानें थरथरतात, पाळण्यांतील मूल दचकून उठतें, आजारी माणूस उशी कानावर दाबून पडतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं राहत्या वस्तीस दिवसा 55 आणि रात्रीं 45 डेसिबलांची मर्यादा घातलेली आहे. दर दहा डेसिबलांस नादाची शक्ति दसपट होते हें लक्षांत घेतलें, म्हणजे ही मर्यादा ओलांडणें ही केवढी गोष्ट आहे याची कल्पना येईल. गेल्या उत्सवांत आमच्याच आळींत असा एक ताफा थांबला असतां आम्हीं खालीं जाऊन विनंती केली. ती वाजविणाऱ्यांस ऐकूंच गेली नाहीं. त्यांनीं आमचा अपमान केला नाहीं. त्यांस खरोखरच ऐकूं येत नव्हतें.

आमच्या तरुण मित्राचा हेतु याच ठिकाणीं आम्हांस पटतो, पण त्याचा तर्क पटत नाहीं. वाफेचें वाद्य विजेच्या कर्ण्यांहून सौम्य आहे, हें खरें नाहीं. जवळून तें तितकेंच कानठळ्या बसविणारें आहे. त्याचा गुण दुसरा आहे. त्याचा प्रत्येक स्वर कोणाच्या तरी घामाचा असतो. आग पेटवावी लागते, पाणी भरावें लागतें, दाब चढण्याची वाट पाहावी लागते. आणि वाजवीत बसलें कीं वाफ संपते आणि थांबावेंच लागतें. विजेच्या भिंतीला थकवा नाहीं, म्हणून तिला शेवट नाहीं. वाफेला थकवा आहे, आणि आमच्या मतें मोठ्या आवाजाला तो असणें फार आवश्यक आहे. त्या थांबण्याच्या अवधींत ढोल-ताशा ऐकूं येईल, सनई ऐकूं येईल, माणसें एकमेकांशीं बोलतील.

तेव्हां आमचा सल्ला असा. यंत्र अवश्य बांधावें. पण बत्तीस शिट्ट्यांचा हव्यास धरूं नये. सहा पुरे आहेत. पेटीस सुरांची जी जखडण आहे, ती या शिट्टीस नाहीं. आंतील दट्ट्या वरखालीं सरकविला कीं हवा तो स्वर हव्या त्या श्रुतीवर बसवितां येतो. एकच राग घ्यावा, भूप. षड्जाची नळी 45 सेंटिमीटर धरली, तर ऋषभ 40, गांधार 36, पंचम 30, धैवत 27 आणि तार षड्ज साडेबावीस, असें हें सरळ गणित आहे. हीं मापें आरंभापुरतीं. खरा स्वर शिट्टी पुरती तापल्यावर कानानेंच लावावा. पट्ट्या लावूंच नयेत. प्रत्येक शिट्टीस दोरी बांधावी आणि सहा मुलांस एकेक दोरी द्यावी, म्हणजे एंजिनाच्या ड्रायव्हरला जी मधली जागा सांपडली होती, ती त्यांसही सांपडेल, आणि एकट्यानें मिरविण्याचें वाद्य सहा जणांनीं एकमेकांचें ऐकून वाजविण्याचें होईल. बंद पडलेल्या जिनांतील जुना बॉयलर स्वस्तांत मिळेल, त्या मोहांत मुळींच पडूं नये. गंजलेल्या पत्र्यांत कोंडलेली वाफ जवळ उभ्या असलेल्यांचा जीव घेते. लहान, नवा, सरकारी निरीक्षकानें तपासून दिलेलाच बॉयलर वापरावा आणि त्याजवळ जाणत्या माणसाखेरीज कोणास फिरकूं देऊं नये. आणि वाजवावें तें मिरवणूक निघतांना एकदां, गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेंत, दोन-तीन मिनिटें. नंतर आग विझूं द्यावी.

हें वाद्य आहे कीं नाहीं, या प्रश्नाचें आमचें उत्तर आतां सांगतों. हें गाण्याचें वाद्य नाहीं. तें हांकेचें वाद्य आहे, आणि हांकेचीं वाद्यें हीही वाद्यांची एक मान्य जात आहे. शिंग आणि नगारा त्याच जातीचे. ती हांक तिच्या वेळीं आणि तिच्या जागीं मारली, तर सबंध गांवाचे कान एका क्षणीं एकत्र करण्याचें सामर्थ्य तिच्यांत आहे, आणि तें सामर्थ्य सतारींत नाहीं. तीच हांक गाण्याच्या आसनावर बसली, म्हणजे मात्र ती दुसऱ्या कोणास बोलूं देत नाहीं.

आम्हीं हें सर्व आमच्या मित्रास वाचून दाखविलें. ते थोडा वेळ विचारांत पडले, आणि मग म्हणाले, “काका, सहा दोऱ्या ठीक आहेत, पण आमच्या आळींतले सहा जण एकमेकांचें ऐकतील तेव्हां ना !” यंत्र बांधण्याचें काम त्यांस साधेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. हें दुसरें काम अधिक अवघड आहे, आणि त्यांस कोणीं विचारलें नसतांही तें त्यांच्या लक्षांत आलें, याचें आम्हांस समाधान वाटलें.